एकोणनव्वद

सीपीआरच्या समोरच्या ओळीत तीन दुकानं फिरलो.
पहिल्यात साडेसातशे, दुसऱ्यात बाराशे,
तिसऱ्यातल्या पोरानं दोन्ही काउंटरवर ठेवली
आणि म्हणाला, काका, स्वस्तातलं नका घेऊ,
ते पेनाला लावलं तरी अठ्ठ्याण्णव दाखवतंय.
मी खिशातलं पेन काढून लावून बघितलं.
पेन जिवंत निघालं.
मग बाराशेचं घेतलं. पन्नास सोडले त्यानं,
वर दोन सेल फुकट.

कपड्याच्या चिमट्याएवढं.
बोट घातलं की आत तांबडा उजेड,
नखाच्या कडेनं झिरपणारा.
हा रंग माझ्या ओळखीचा.
उद्यमनगरात एकतीस वर्षं भट्टीपुढं उभा होतो.
लोखंड ओतायला आलं का, मला विचारायचे.
मी डोळे बारीक करून सांगायचो:
थांबा. अजून थांबा. आता.
पुढं मालकानं पायरोमीटर आणला.
त्याचा आकडा आणि माझं 'आता'
बहुतेक वेळा एकाच दमात यायचं,
तरी सुपरवायझर वहीत आकडाच लिहायचा.

आता वही माझ्याकडं.
सकाळ: नव्वद. दुपार: एक्क्याण्णव.
जिना चढून: पंच्याऐंशी, बसल्यावर हळूहळू वर.
मगदूम बाईंनी सांगितलंय,
हात गरम, नखं साफ, बोट हलवायचं नाही,
आकडा थिरावेपर्यंत एक मिनिट गप्प.
आणि लोकांचा नव्व्याण्णव बघून घाबरायचं नाही, काका,
तुमचं अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, तेवढ्यात ठीक.
खाली जाऊन तिथंच बसला तर फोन करा.
आकडा बरा असला आणि जीव घाबरा झाला, तरी करा.
हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.
यंत्र असताना मला विचारणारं
बऱ्याच वर्षांनी कुणी भेटलं.

पहिल्या दिवशी गल्ली जमली.
शेजारचा प्रणित, सातवीतला: नव्व्याण्णव.
दूध घालायला आलेले भाऊसो, तंबाखू मळता मळता: अठ्ठ्याण्णव.
प्रणितनं नाक दाबलं, गाल फुगवले, डोळे बाहेर आले,
आकडा ढिम्म.
शेवटी मी. एकोणनव्वद.
'एवढे मला गणितात पडले असते
तर बाबांनी सायकल घेतली असती,' प्रणित म्हणाला.
सगळे हसले. मीही हसलो,
म्हणजे खोकलो.

रसूल मुजावरला हे काही मिळालं नाही.
तो फेटलिंगला होता, ओतकामाची वाळू घासून काढायचा,
तोंडाला ओला रुमाल.
त्याच्या धापेला आम्ही वय म्हणायचो.
बेचाळीस होतं ते वय.

थंडीत पहाटे बोटं गार पडतात,
आकडा ऐंशीच्या खाली उडी मारतो
आणि मालन दचकून उठते.
माझा हात दोन्ही हातांत धरून चोळते,
चहाच्या कपाला टेकवते, पुन्हा चोळते.
लग्नाला चाळीस वर्षं झाली,
इतका वेळ हात धरायला
कधी कारणच सापडलं नव्हतं.
एक मिनिट गप्प.
अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद.
मग ती उठते आणि उरलेला चहा मोरीत ओतते,
गार झाला म्हणून माझ्यावरच करवादते.

काल रात्री मी जागाच होतो.
तिनं उशीखालून यंत्र काढलं,
अंधारात स्वतःच्या बोटाला लावलं.
पदरावर तांबडं सांडलं.
मला आकडा उलटा दिसत होता: शहाऐंशी.
माझाच दम अडकला.
मग मनात सरळ करून वाचला.
अठ्ठ्याण्णव.
तिनं पटकन त्यावर मूठ मिटली,
पंगतीत आपल्याच ताटात पडलेला मोठा तुकडा
भाकरीखाली झाकावा तशी.

मी बोललो नाही.
डोळे बारीक केले
आणि तिच्या बोटांच्या फटीतून येणारा रंग बघत राहिलो.
थांबा.
अजून थांबा.